अंतर तेवढेच, तास मात्र वेगवेगळे

वाचकांचे प्रश्न

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याचे आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईचे विमान सुरू झाले, तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच पालटला आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे आरक्षण केव्हा उघडते, असे विचारणारे वाचक आता हवाई अंतर, उड्डाणाचा कालावधी आणि परदेशातील घड्याळाची वेळ यांविषयी विचारू लागले आहेत. त्यांतील एकमेकांशी संबंध असलेली काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे न देता केवळ त्यांचा भाग दिला आहे, आणि लांब पत्रांचा सारांश छापला आहे.

प्रश्न (जुळे सोलापूर) : सोलापूर ते मुंबई हे हवाई अंतर मी इंटरनेटवर शोधले, तेव्हा एका ठिकाणी ३६२, दुसऱ्या ठिकाणी २२५ आणि तिसऱ्या ठिकाणी १९५ असे आकडे मिळाले. रेल्वे मात्र हेच अंतर ४५५ किलोमीटर धरते. यांपैकी खरे अंतर कोणते?

उत्तर : चारही आकडे बरोबर आहेत, पहिल्या तिघांत फरक आहे तो केवळ मोजमापाच्या एककाचा. ३६२ हे किलोमीटर आहेत, २२५ हे आपले नेहमीचे मैल आहेत आणि १९५ हे सागरी मैल आहेत. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. जहाजांप्रमाणेच विमानांचा सारा व्यवहार आजही याच मैलात चालतो, त्यामुळे वैमानिकांसाठी तयार केलेल्या संकेतस्थळांवर तुम्हाला लहान आकडा दिसतो आणि विमान जणू जवळून जाते असा भास होतो.

हा आकडा येतो कोठून, हे कागदावर ताडून पाहण्यासारखे आहे, कारण त्यासाठी दहावीच्या गणितापलीकडचे काही लागत नाही. सोलापूरचा विमानतळ साधारण १७.६३ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.९४ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा सांताक्रूझ-सहारचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व येथे आहे. म्हणजे मुंबई आपल्या उत्तरेला १.४६ अंश आणि पश्चिमेला ३.०७ अंश आहे. अक्षांशाचा एक अंश कोठेही सुमारे १११ किलोमीटरच भरतो, म्हणून उत्तरेकडील अंतर १६२ किलोमीटर झाले. रेखांशाचे तसे नसते, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात. विषुववृत्तावर त्यांतील एक अंश १११ किलोमीटरचा असला, तरी सोलापूर आणि मुंबई यांच्या मधल्या पट्ट्यात तो सुमारे १०५.६ किलोमीटरच उरतो. त्यामुळे पश्चिमेकडील अंतर ३२४ किलोमीटर येते. आता १६२ आणि ३२४ या काटकोनी त्रिकोणाच्या दोन बाजू धरून पायथागोरसच्या नियमाने कर्ण काढला की ३६२ किलोमीटर मिळतात. इतक्या जवळच्या दोन ठिकाणांसाठी पृथ्वीचा गोलाकार हिशेबात धरला नाही तरी फरक नगण्य पडतो. दूरच्या शहरांसाठी मात्र ही पद्धत चालत नाही, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

लोहमार्गाचे ४५५ किलोमीटर होतात ते गाडी कुर्डुवाडी, दौंड, पुणे असे करत आणि बोरघाट उतरत जाते म्हणून. विमानाला घाट नाही, परंतु विमानही त्या ३६२ किलोमीटरच्या कर्णावरून तंतोतंत उडत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आकाशात ठरवून दिलेले मार्ग आणि ठरावीक बिंदू असतात, उड्डाण वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करावे लागते, आणि उतरतानाही धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळसा पडतो. प्रत्यक्ष कापलेले अंतर म्हणूनच नेहमी जास्त भरते.

आणखी एक गोष्ट तिकीट काढण्यापूर्वी पाहावी. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाल्यापासून ‘मुंबई’ या एकाच नावाखाली दोन विमानतळ आले आहेत. सोलापूरपासून नवी मुंबईचा विमानतळ वरच्याच हिशेबाने सुमारे ३३८ किलोमीटर येतो, म्हणजे चोवीस किलोमीटरने जवळ. हवेतील हा फरक दोन मिनिटांचा आहे, पण बोरिवलीला जाणाऱ्या माणसाला जमिनीवर त्याची किंमत चांगलीच मोजावी लागेल.

प्रश्न (विजापूर रस्ता) : जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर असेल, तर ३६२ किलोमीटर अंतर सत्तावीस मिनिटांत संपायला हवे. तिकिटावर मात्र एक तासाहून अधिक कालावधी दाखवलेला असतो. विमान कंपन्या वेळ फुगवून सांगतात काय?

उत्तर : थोडीशी फुगवतात, हे खरे आहे, परंतु सत्तावीस मिनिटांचा तुमचा हिशेब चुकतो तो त्यामुळे नव्हे.

तिकिटावरील वेळ ही विमान हवेत असण्याची वेळ नसते. विमान जागेवरून हलते त्या क्षणापासून दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर थांबून चाकांना अडणी लावली जाते त्या क्षणापर्यंतचा सगळा काळ तीत धरलेला असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे आले, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आले आणि उतरल्यावर जागेपर्यंत पोहोचणेही आले. सोलापुरात हे काम चुटकीसरशी होते, मुंबईत होत नाही. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि दिवसाला नऊशेहून अधिक विमानांची ये-जा जवळजवळ एकाच धावपट्टीच्या भरवशावर चालते. गर्दीच्या वेळी येणाऱ्या विमानाला हवेतच घिरट्या घालत ठेवले जाते. विमान कंपनीला हे ठाऊक असते, म्हणून ती वेळापत्रकातच काही मिनिटे वाढीव धरते. गर्दी नसेल त्या दिवशी मग तुमचे विमान ‘वेळेआधी’ पोहोचते आणि प्रवासी खूश होतात.

आता ताशी ८०० किलोमीटरविषयी. सोलापूर–मुंबई मार्गावर एम्ब्रेअर १७५ जातीचे जेट विमान वापरले जाते, आणि उंचीवर पोहोचल्यावर ते एवढा वेग सहज गाठते. पण प्रश्न त्या उंचीवर पोहोचण्याचाच आहे. दहा हजार फुटांच्या खाली विमानांना ताशी २५० सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ४६३ किलोमीटरची वेगमर्यादा पाळावी लागते. उतरतानाचा ढोबळ नियम असा आहे की, दर हजार फूट खाली येण्यासाठी तीन सागरी मैल हाताशी ठेवावेत. विमान तीस हजार फुटांवर असेल, तर मुंबईपासून नव्वद सागरी मैल, म्हणजे जवळपास १६५ किलोमीटर आधीच उतरणीला सुरुवात करावी लागते. तेवढेच किंवा थोडे कमी अंतर वर चढण्यात गेलेले असते. ३६२ किलोमीटरमधून हे दोन्ही वजा केले की पूर्ण वेगाने सरळ उडण्यासाठी जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर शिल्लक राहतात. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला हे जाणवतेही : आसनपट्टा सोडण्याची सूचना होते न होते तोच विमानाचा आवाज मंदावतो, कानात दडे बसू लागतात आणि पट्टा पुन्हा बांधण्याची घोषणा होते.

याच कारणाने जवळच्या प्रवासात विमान जेवढे वेगवान वाटते तेवढे ते नसते, आणि दूरच्या प्रवासात ते आपली खरी करामत दाखवते.

पत्राच्या शेवटी तुम्ही वंदे भारतशी तुलना विचारली आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली ही गाडी सोलापूरहून मुंबईस साधारण साडेसहा तासांत पोहोचते. विमानाचा हिशेब घराच्या उंबऱ्यापासून मांडावा. काउंटर उड्डाणापूर्वी तासभर आधी बंद होतो हे लक्षात घेऊन दोन तास आधी घर सोडावे. विमानाचा तास-सव्वा तास. सामान हाती येऊन बाहेर पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास. आणि तेथून फोर्ट किंवा दादर गाठायला तासभर, पावसात त्याहून जास्त. बेरीज पाच तासांच्या घरात जाते. स्थानकावर जाण्या-येण्याचा वेळ धरून गाडीला सात-साडेसात तास लागतात, म्हणजे वाचतात ते दोन-अडीच तास. ते तुम्हाला कितीला पडतात, हे ज्याने त्याने ठरवावे. माझे मत विचाराल तर, काम अंधेरी-वांद्र्याकडे असेल तर विमान उत्तम आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात असेल तर गाडी.

प्रश्न (अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहत) : आमचा टॉवेल निर्यातीचा व्यवसाय असून ग्राहकांना भेटण्यासाठी मी लंडनला जातो. मुंबईहून जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, परतताना मात्र तासभर कमी. अंतर तर एकच आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून असे होते काय?

उत्तर : पृथ्वीच्या फिरण्याचा यात हात आहे, पण आपण समजता त्या रीतीने नाही.

पृथ्वी फिरते तशी तिच्याभोवतीची हवाही तिच्याबरोबर फिरते, आणि विमान त्या हवेत उडते. आपण सोलापुरात स्वस्थ बसलेलो असतानाही पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताशी सुमारे १,५९० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो. हवा जर मागे राहत असती, तर होटगी रस्त्यावरून सरळ वर गेलेले हेलिकॉप्टर अधांतरी थांबताच पश्चिमेकडचा मुलूख त्याच्याखाली सरकत आला असता, आणि बारा मिनिटांत ते मुंबईच्या रेखांशावर पोहोचले असते. म्हणजे त्या तर्काने पश्चिमेकडचा प्रवास झटपट व्हायला हवा होता. आपला अनुभव तर नेमका उलटा आहे.

खरे कारण वाऱ्याचे आहे. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमक्या प्रवासी विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरकस वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळवली जाते आणि त्यातून हे पट्टे तयार होतात. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आला तो असा. हिवाळ्यात उत्तर भारतावरूनही असा एक पट्टा जातो, आणि त्यातील वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जाणे ही नवलाची गोष्ट नाही. लंडनला जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो.

पंढरपुरात चंद्रभागा भरून वाहत असताना होडीने वर आणि खाली जाणाऱ्याला हे निराळे सांगायला नको. परंतु त्यातील एक बारकावा सहसा सुटतो. जाताना वाऱ्याने जेवढा वेळ खाल्ला तेवढा तो परतताना भरून देतो, अशी समजूत आहे, आणि ती चुकीची आहे. मुंबई–लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर धरला आणि वारा मुळीच नसला, तर जायला आठ आणि यायला आठ असे सोळा तास होतील. आता संपूर्ण मार्गावर ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे असे समजा. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ८०० राहील आणि नऊ तास लागतील; येताना तो १,००० होईल आणि सात तास बारा मिनिटे लागतील. बेरीज सोळा तास बारा मिनिटे. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते आणि अनुकूल वाऱ्यातून लवकर बाहेर पडते, म्हणून हा हिशेब कधीच बरोबरीत सुटत नाही. प्रत्यक्षातील तास यापेक्षा जास्त असतात, कारण त्यांत जमिनीवरचा काळ आणि मार्गाचा वळसाही धरलेला असतो.

वाऱ्याची ताकद किती असते, याचे एक ठळक उदाहरण ८ व ९ फेब्रुवारी २०२० च्या मधल्या रात्रीचे आहे. उत्तर अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या तुलनेत त्याचा कमाल वेग ताशी सुमारे १,३२७ किलोमीटर भरला होता. हा आकडा आवाजाच्या वेगापेक्षा मोठा असूनही विमानाने आवाजाची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण भोवतालची हवाच त्याच दिशेने धावत होती आणि त्या हवेच्या तुलनेत विमानाचा वेग नेहमीइतकाच होता.

याहून बोधप्रद उदाहरण आपल्याकडचे आहे. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले. ते सुमारे १५,३०० किलोमीटर उडाले आणि साडेचौदा तासांत पोहोचले. पश्चिमेकडील मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरनी जवळचा होता, तरीही त्या मार्गाने वाऱ्याशी झगडत जायला जवळपास दोन तास जास्त लागत असत. लांबचा रस्ता लवकर संपला. अंतराला वेगाने भागून प्रवासाचा वेळ सांगणाऱ्या संकेतस्थळांवर विसंबू नये, असे मी म्हणतो ते याचसाठी.

प्रश्न (साखर पेठ) : मुलीकडे न्यू जर्सीला जाताना समोरच्या पडद्यावरील नकाशात विमान सरळ पश्चिमेकडे न जाता थेट उत्तरेकडे, बर्फाच्या प्रदेशाकडे वळलेले दिसले. एवढा वळसा कशासाठी?

उत्तर : तो वळसा नाही, तोच जवळचा रस्ता आहे. वळसा दिसतो तो नकाशामुळे.

घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल, तर सुताचा एक धागा घ्या, त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरा आणि धागा ताणा. साखर पेठेत सुताला तोटा नसावा. ताणलेला धागा आपोआप रशियाच्या पश्चिम भागाकडे सरकेल आणि आइसलँडच्या जवळपासच्या अक्षांशावरून अमेरिकेत उतरेल. गोलावरील दोन बिंदूंमधला सर्वांत आखूड मार्ग अशाच वर्तुळाचा भाग असतो, ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते. भूगोलात त्याला बृहद्वृत्त म्हणतात. मुंबई–न्यूयॉर्क या जोडीसाठी हा मार्ग साधारण ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत वर चढतो आणि त्याची लांबी सुमारे १२,५४० किलोमीटर भरते. आपण भिंतीवर लावतो त्या नकाशाची मूळ पद्धत मर्केटर यांनी १५६९ मध्ये जहाजांच्या सोयीसाठी काढली. तिच्यावर पट्टी ठेवून मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ ओढली, तर दिसायला ती नीट पश्चिमेकडे जाते, पण तिची खरी लांबी १४,२०० किलोमीटर होते. सतराशे किलोमीटर म्हणजे विमानाचे जवळपास दोन तास.

सोलापूर–मुंबईसारख्या अंतराला हा फरक जाणवत नाही. ठिकाणे जितकी उत्तरेकडे आणि एकमेकांपासून जितकी पूर्व-पश्चिम दूर, तितका तो वाढत जातो. बेंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात सरळ अंतर १३,९९३ किलोमीटर आहे आणि ही दोन शहरे पृथ्वीगोलाच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना येतात, त्यामुळे त्यांना जोडणारा आखूड मार्ग उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी एअर इंडियाचे विमान ध्रुवावरून बेंगळुरूस आणले, तेव्हा सतरा तासांच्या आसपास वेळ लागला होता.

प्रश्न (बार्शी) : माझा भाऊ दिल्लीहून युरोपला नेहमी जातो. पूर्वीपेक्षा आता वेळ वाढला आहे असे तो म्हणतो. विमाने हळू झाली काय?

उत्तर : विमाने तीच आहेत, आकाशातील काही दारे बंद झाली आहेत. प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील आकाशावर स्वामित्व असते आणि ते कोणाला वापरू द्यायचे हे तो देश ठरवतो. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, भारतानेही तसेच उत्तर दिले आणि त्यानंतर ही बंदी महिन्या-महिन्याने वाढवली गेली. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला त्यामुळे आधी दक्षिणेकडे, गुजरातवरून अरबी समुद्रावर यावे लागते आणि मग पश्चिमेची वाट धरावी लागते. २०१९ मध्ये बालाकोटनंतर १६ जुलैपर्यंत असेच घडले होते, आणि इंडिगोच्या दिल्ली–इस्तंबूल विमानाला इंधनासाठी मध्येच दोहा येथे उतरावे लागत होते.

मुंबईहून निघणाऱ्यांना याची झळ तुलनेने कमी बसते, कारण मुंबईच्या विमानांना समुद्रावरून पश्चिमेकडे जाण्यासाठी एवढा वळसा पडत नाही. सोलापूरकरांनी युरोपसाठी दिल्ली की मुंबई असा विचार करताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी. अर्थात इराणकडील आकाश बंद झाले की मुंबईचीही सुटका नसते; १३ जून २०२५ रोजी अशी वेळ आली तेव्हा कित्येक विमाने अर्ध्या वाटेवरून परत फिरली होती.

प्रश्न (सात रस्ता) : मुंबईहून रात्री २ वाजता सुटणारे विमान त्याच दिवशी सकाळी ७.३० वाजता नेवार्कला पोहोचते असे तिकिटावर आहे. परतीचे विमान दुपारी १२ ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबईत येते. जायला साडेपाच तास आणि यायला चोवीस, हे कसे?

उत्तर : तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते, हे एकदा मनाशी पक्के केले की गोंधळ मिटतो. दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. उन्हाळ्यात न्यूयॉर्क-नेवार्कचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते. तेथे सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा येथे संध्याकाळचे पाच झालेले असतात. रात्री दोन ते संध्याकाळी पाच म्हणजे पंधरा तास. परतताना तेथील दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. तेथून दुसऱ्या दिवशीच्या दुपारी बारापर्यंत साडेचौदा तास. अर्ध्या तासाची बचत कोणी केली, हे टॉवेलवाल्या वाचकांना दिलेल्या उत्तरात आले आहे.

यात एक पाचर आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात, त्यामुळे हिवाळ्यात हा फरक साडेदहा तासांचा होतो. ब्रिटनमध्ये हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. तेथील फरक उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास असतो. दोन्ही देशांच्या तारखा वेगळ्या असल्यामुळे मार्च आणि नोव्हेंबरच्या आसपास लंडनमार्गे अमेरिकेस जाणाऱ्यांनी मधला थांबा पुन्हा मोजून पाहावा.

आपल्याकडे असा बदल होत नाही आणि सगळ्या देशाला एकच वेळ आहे, ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. खुद्द सोलापूर त्याच्या पश्चिमेला साडेसहा अंशांहून थोडे अधिक दूर असल्याने येथे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बारा वाजून गेल्यावर, वर्षाच्या सरासरीने सुमारे सव्वीस मिनिटांनी. त्याचा तुमच्या तिकिटाशी संबंध नाही, परंतु पंचांग पाहणाऱ्या वाचकांना तो फरक ओळखीचा असेल.

प्रश्न (मंगळवेढा) : सोलापूरहून विमानाने मुंबई आणि त्याच दिवशी पुढे परदेशी, असे करता येईल काय? मध्ये किती वेळ ठेवावा?

उत्तर : दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील, तर तिकीट देणारी कंपनीच किमान वेळ पाळते आणि पहिले विमान चुकल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी तिची असते. तिकिटे वेगवेगळी असतील, तर ती जबाबदारी सर्वस्वी तुमची. सामान पुन्हा ताब्यात घ्यावे लागेल, दुसऱ्या टर्मिनलवर किंवा, नवी मुंबईचा विचार करता, दुसऱ्या विमानतळावर जावे लागेल, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी हजर राहावे लागेल. अशा वेळी सहा तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये. व्हिसा, शिकवणीचे शुल्क आणि मोठी भाडी भरून निघालेल्या विद्यार्थ्याने तर आदल्या रात्रीची गाडी धरावी, हे उत्तम.

प्रश्न (बाळे) : गोव्याचे विमान पंख्याचे आहे. ते मुंबईच्या जेटपेक्षा हळू असूनही प्रवास तासाभराचाच कसा?

उत्तर : मोपा येथील विमानतळ सोलापूरपासून सरळ रेषेत सुमारे ३०५ किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईपेक्षा सत्तावन्न किलोमीटरने जवळ. या मार्गावरील एटीआर ७२ विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडते आणि २५,००० फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे त्याचा चढण्या-उतरण्यात वेळ कमी जातो. जेटने हेच अंतर कापले तर दहा-एक मिनिटे वाचतील आणि इंधन मात्र बरेच जास्त जळेल. जवळच्या मार्गांवर पंख्याची विमाने ठेवण्याचे कारण हेच आहे.